बँडने सूर बदलला तेव्हा : नाशिकमधील एका श्रोत्याचे प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधील वीस वर्षांच्या एका तरुणाचे आहे. त्याच्या, त्याच्या बहिणीच्या आणि मित्राच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा वगळले आहेत. लेखात त्याचा उल्लेख ‘श्रोता’ असा केला आहे. ज्या परदेशी पंक (वेगवान, आक्रमक रॉक संगीत) बँडमुळे हे सारे घडले त्याचे नावही दिलेले नाही, कारण नाव आले की चर्चा त्या बँडचा नवा अल्बम चांगला की वाईट याकडे वळते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. ज्या आवाजाच्या आधाराने एखादा मुलगा मोठा झाला, तो आवाज बदलल्यावर त्याला होणारे दुःख भोवतालच्या माणसांनी कसे समजून घ्यावे, हा तो प्रश्न आहे. मी नाशिकमध्ये तबला आणि ड्रम शिकवतो. श्रोता माझ्याकडे ड्रम शिकत होता, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आले.

पार्श्वभूमी

श्रोत्याचे कुटुंब सिडकोत राहते. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मशीनवर कामाला होते. 2020 च्या टाळेबंदीत काम थांबले, काही महिने अर्धा पगार मिळाला आणि नंतर तोही बंद झाला. श्रोता तेव्हा नुकताच दहावी झाला होता. घरात भांडणे नव्हती, पण बोलणेही फारसे उरले नव्हते. सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीने एका पतसंस्थेत नोकरी धरली आणि घर चालू राहिले.

या काळात दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मित्राने त्याला तो बँड ऐकवला. एकच इअरफोन, एक तुकडा याच्या कानात आणि एक त्याच्या, अशा रीतीने गच्चीवर बसून दोघांनी पहिले तीन अल्बम ऐकले. श्रोता गणेशोत्सवात ढोल पथकात ताशा वाजवत असे. नाशिक ढोलाच्या दणक्यात वाढलेल्या कानाला या संगीतात अनोळखी असे काही वाटले नसावे, असे मला त्याचे हात पाहून नेहमी वाटे. दोन्हींत वेग आहे, घाम आहे, आणि वाजवणाऱ्याला थांबू न देणारी लय आहे.

पंक ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी त्याच्या घडणीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम 1976 साली आला. त्यात 14 गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. दोन-तीन मिनिटांचे गाणे, गिटारवर वरून खालीच मारलेले फटके, मोजके कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) आणि न सुशोभित केलेला आवाज, हा साचा तिथून रुळला. पुढे ब्रिटनमधील डिस्चार्ज या बँडच्या ड्रमवादनातून एक विशिष्ट धावता ठेका निघाला आणि तो त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरावरून ‘डी-बीट’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. श्रोत्याच्या बँडच्या जुन्या गाण्यांत हा ठेका जागोजागी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या गाण्यांतील सामूहिक आरोळी. एकटा गायक कडवे म्हणतो आणि धृपदाच्या ओळीवर बँडचे सगळे सदस्य, कधीकधी स्टुडिओत जमलेले मित्रही, एकदम ओरडतात. वादक याला ‘गँग व्होकल्स’ म्हणतात. सुरात असण्याची तिथे अट नसते, सगळ्यांनी एकाच क्षणी तुटून पडायचे असते.

श्रोत्याची एक दोनशे पानी वही मी पाहिली आहे. डाव्या पानावर गाण्याचे इंग्रजी शब्द, उजव्या पानावर त्याने स्वतः लावलेला मराठी अर्थ, आणि जिथे सगळे ओरडतात त्या ओळींखाली लाल पेनाने दुहेरी रेघ. काही पानांवर पेन इतके दाबले आहे की रेघ मागच्या पानावर उमटली आहे.

अडचण कशी उभी राहिली

चौथा अल्बम येण्याआधी बँडचा ड्रमर बँड सोडून गेला. त्यानंतर पहिले गाणे आले ते संथ होते. त्यात सिंथेसायझर होता, ड्रमच्या जागी यंत्राचा ठेका होता, गिटारला मुद्दाम फाटवलेल्या आवाजाऐवजी (डिस्टॉर्शन) घुमारा होता आणि गायक ओरडण्याऐवजी गुणगुणत होता. एखादे गाणे असे असू शकते, अशी श्रोत्याने स्वतःची समजूत घातली. 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित करण्याची पद्धत आहे. त्या शुक्रवारी मध्यरात्री तो जागा राहिला आणि संपूर्ण अल्बम सलग ऐकला. सगळाच अल्बम तसा होता.

पहाटेच्या सुमारास त्याने गायकाला इन्स्टाग्रामवर एक लांबलचक संदेश पाठवला. तुम्ही विकले गेलात, असा त्याचा आशय होता आणि त्यात शिव्या होत्या. मित्र तोवर शिक्षणासाठी पुण्याला गेलेला होता. त्याने सकाळी उत्साहाने लिहिले की अल्बम आपल्याला फार आवडला. त्यावरून झालेल्या वादात दोघांनीही एकमेकांबद्दल अशा गोष्टी लिहिल्या की ज्यांचा संगीताशी संबंध नव्हता, आणि बोलणे बंद झाले. पुढच्या आठवड्यापासून श्रोता क्लासला येईना. पथकाच्या सरावालाही त्याने नकार दिला.

त्याच्याकडे बँडच्या नावाचा एक टी-शर्ट होता. परदेशातून मागवणे परवडत नव्हते म्हणून त्याने स्वतः चित्र तयार करून शालिमारजवळच्या एका दुकानातून तो छापून घेतला होता. तो टी-शर्ट दुचाकी पुसण्याच्या फडक्यांत पडलेला बहिणीला दिसला, तेव्हा ती मला भेटायला आली. ती म्हणाली, “सर, घरात कुणी गेल्यासारखा वागतोय तो. आई विचारते काय झालं, तर तिला काय सांगू? गाणं आवडलं नाही म्हणून जेवत नाही, असं सांगू?”

तिच्या या प्रश्नात प्रकरणाची खरी अडचण होती. दुःख मोठे होते आणि त्याचे कारण इतरांच्या दृष्टीने क्षुल्लक होते. त्यामुळे श्रोत्याला ते कुणापाशी बोलूनही दाखवता येत नव्हते. एखाद्याचे माणूस गेले तर चार लोक भेटायला येतात. बँड बदलला म्हणून कुणी कुणाला भेटायला जात नाही.

पहिला निर्णय : हे किती गंभीर आहे

संगीताचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट पाहणे भाग होते. तरुण मुलाने मित्र, छंद आणि जेवण एकाच वेळी सोडले तर त्यामागे नैराश्य असू शकते आणि गाणे हे फक्त वर दिसणारे निमित्त असू शकते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, म्हणून बहिणीला साधे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, कॉलेजला जातो का, जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे कधी बोलला का, पूर्वी असे झाले होते का. तो डिप्लोमाच्या वर्गांना नियमित जात होता, झोपत होता आणि दोन दिवसांनंतर जेवणही पूर्ववत झाले होते. तरीही बहिणीकडे केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक देऊन ठेवला आणि दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर समुपदेशकाकडे जायचे, असे तिच्याशी ठरवले. हा टप्पा मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुःखाला किरकोळ समजण्याची चूक जशी होते, तशीच प्रत्येक दुःखाला आजार समजण्याचीही होते, आणि दोन्हींतला फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

काहीच न करता काळावर सोडणे हा पहिला पर्याय होता आणि आईचे मत तसेच होते. त्यात तथ्यही होते, कारण असा राग ओसरतो. पण राग ओसरताना मित्र आणि ताशा हे दोन्ही कायमचे निसटण्याची शक्यता होती, आणि वीस वर्षांच्या वयात सुटलेले वाद्य पुन्हा हातात येतेच असे नाही.

नव्या अल्बमची बाजू मांडणे हा दुसरा पर्याय. मला स्वतःला त्यातील दोन-तीन गाणी चांगली वाटली होती. शिवाय पंकच्या इतिहासात अशी उदाहरणे भरपूर आहेत. द क्लॅश या बँडने 1977 च्या सरळसोट पहिल्या अल्बमनंतर 1979 साली रेगे, स्का, रॉकबिली आणि जॅझ या वेगळ्या संगीतशैलींना जागा देणारा दुहेरी अल्बम काढला आणि आज तो त्यांचे सर्वोत्तम काम मानला जातो. कॅलिफोर्नियातील जॉब्रेकर या बँडचे उदाहरण अधिक बोलके आहे. 1995 साली त्यांचा मोठ्या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेला अल्बम आला तेव्हा त्यातील नितळ आवाजाने जुने चाहते इतके दुखावले की कार्यक्रमात नवी गाणी सुरू झाली की काही जण रंगमंचाकडे पाठ करून बसत. त्या गायकाच्या घशावर काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती. पूर्वीचा खरखरीत आवाज काढत राहणे त्याच्या शरीराला परवडणारे नव्हते, ही बाजू रागाच्या भरात फारशी कुणी पाहिली नाही. 1996 साली बँड फुटला. नंतर त्याच अल्बमवर प्रेम करणारी पिढी तयार झाली आणि 2017 साली बँड पुन्हा एकत्र आला.

ही उदाहरणे खरी आहेत, पण ती श्रोत्याला त्या वेळी सांगू नयेत असे मी ठरवले. दुखावलेल्या माणसाला ‘पुढे तुलाही आवडेल’ असे सांगणे म्हणजे त्याचे आत्ताचे ऐकणे चुकीचे ठरवणे आहे. त्याचे ऐकणे चुकीचे नव्हते. आणि इतिहास एकाच बाजूने बोलतो असेही नाही. बॅड रिलिजन या लॉस एंजेलिसच्या बँडने 1983 साली असाच कीबोर्डप्रधान, संथ अल्बम काढला. चाहत्यांनी तो नाकारला, बँड काही काळ विस्कळीत झाला, आणि 1985 साली ते जुन्या वळणावर परतले. 1988 च्या अल्बमने तर त्यांना नव्याने उभे केले. तिथे चाहत्यांचा कान खोटा ठरला नाही.

तिसरा पर्याय मित्रमंडळींनी सुचवलेला होता : जुने अल्बम आहेतच की, ते ऐकत राहा, नाहीतर तसाच दुसरा बँड शोध. हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की तो का लागू पडत नाही, हे सांगणे आवश्यक वाटते. श्रोत्याचे नाते जुन्या गाण्यांशी होतेच, पण त्याहून अधिक ते न आलेल्या गाण्यांशी होते. आपल्या घरात जे चालले आहे त्याबद्दल आपण गप्प आहोत, पण जगात कुठेतरी चार माणसे अजून चिडलेली आहेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा चिडून काहीतरी म्हणणार आहेत, या भरवशावर तो राहत होता. जुना अल्बम तो भरवसा देऊ शकत नाही, कारण तो राग आता सरलेल्या काळातला आहे. नव्या बँडकडूनही तो लगेच मिळत नाही. सोबत घडायला वर्षे लागतात.

उरला तो पर्याय म्हणजे त्याच्यासोबत बसून ऐकणे आणि नेमके काय हरवले आहे ते त्याच्याच तोंडून येऊ देणे.

केलेली कृती

बहिणीने टी-शर्ट फडक्यांतून काढला, धुतला आणि काही न बोलता आपल्या कपाटात ठेवला. श्रोत्याला हे कळले होते. त्याने तो परत मागितला नाही आणि पुन्हा फडक्यांतही टाकला नाही. कोणत्याही चर्चेपेक्षा या कृतीचा उपयोग अधिक झाला असे मला वाटते. तुझे दुःख आम्हाला कळत नाही, पण त्याची वस्तू आम्ही टाकून देणार नाही, इतके त्यातून त्याला कळले.

मी त्याला निरोप पाठवला की अल्बमबद्दल बोलायचे नसेल तर बोलू नये, पण जुन्या गाण्यांतील ड्रमचे काही तुकडे मला नीट समजून घ्यायचे आहेत, त्यासाठी त्याने यावे. हे निमित्त खोटे नव्हते. त्या ड्रमरचे हात खरोखर अभ्यासण्यासारखे आहेत. तो आला. एका गाण्यात धृपदाच्या आधी ड्रमर किंचित पुढे धावतो, मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) लावला तर स्पष्ट दिसते, आणि त्या धावण्यामुळेच सामूहिक आरोळी अंगावर येते. यंत्राच्या ठेक्यात प्रत्येक फटका सारख्या अंतरावर आणि सारख्या जोराचा असतो. त्यात अचूकता असते, पण दमछाक नसते. हे ऐकताना तो हळूहळू बोलू लागला आणि शेवटी स्वतःच म्हणाला, “सर, नवीनपण लावा. यात काय नाहीये ते तुम्हाला दाखवतो.”

नवा अल्बम ऐकताना त्याने वहीत टिपणे काढली. ड्रमर नाही, वेग नाही, शिव्या नाहीत, गायकाचा श्वास ऐकू येत नाही. ही यादी योग्य होती, तरी तिच्यातील कोणतीही एक गोष्ट इतक्या दुःखाला पुरेशी वाटत नव्हती. उत्तर दुसरीकडून आले.

श्रोत्याचे वडील तरुणपणी भीमगीतांच्या एका पथकात कोरसला असत. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या लोककवी वामनदादा कर्डक यांची गाणी हे त्या पथकाचे मुख्य बळ होते. घरात हे सर्वांना ठाऊक होते, पण काम गेल्यापासून वडिलांनी गाण्याचा विषय काढला नव्हता. एका जुन्या आणि नव्या अल्बममधील एकेक गाणे वडिलांना ऐकवावे, असे मी सुचवले. बहिणीला भीती होती की ते एका वाक्यात सगळे उडवून लावतील. श्रोत्यालाही तसेच वाटत होते. तरी एका रविवारी त्याने ते केले.

इंग्रजी शब्द वडिलांना कळले नाहीत. जुने गाणे त्यांनी दोनदा लावायला सांगितले. नवे एकदा ऐकले आणि म्हणाले, “आमच्यात एकजण गायचा आणि आम्ही सगळे मागं धरायचो. मागं धरणाऱ्याला वाटतं, गाणं आपलंच आहे. ह्या दुसऱ्यात तुला धरायला काही ठेवलंच नाही रे.”

पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. ते झील धरतात, आणि त्यांच्यामुळे एका माणसाचे कथन गावाचे होते. श्रोता गेली पाच वर्षे सिडकोतल्या गच्चीवरून त्या बँडची झील धरत होता. लाल पेनाच्या दुहेरी रेघा म्हणजे त्याची स्वतःची जागा होती. नव्या अल्बममध्ये एकही सामूहिक आरोळी नाही. एकटा आवाज आहे, त्याला घुमारा दिलेला आहे, आणि समोरच्याने शांतपणे ऐकावे अशी त्याची रचना आहे. बँडने त्याला फसवले नव्हते. गाण्यातले त्याचे काम मात्र संपवले होते. एवढे स्पष्ट झाल्यावर ‘विकले गेले’ हे आरोपाचे शब्द त्याच्या बोलण्यातून आपोआप गळाले, कारण ते त्याच्या दुःखाचे वर्णन करतच नव्हते.

इथे एक विषयांतर करतो, कारण ते नाशिकचे आहे. शास्त्रीय गायक पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 साली मुंबईला आणले. कर्जामुळे मुंबईचे विद्यालय गेले आणि उत्तरायुष्यात ते नाशिकला रामनाम आधाराश्रमात रामनामात रमले. मैफलीत श्रोता बसून ऐकतो. रामधून म्हणताना समोर बसलेला प्रत्येक जण गातो. पलुस्करांचा बदल एकट्या गायकाकडून समूहाकडे गेला, श्रोत्याच्या बँडचा त्याच्या उलट दिशेने. दोन्ही दिशा संगीतात आहेत आणि दोन्हींची गरज माणसाला आयुष्यात वेगवेगळ्या वेळी पडते. हे मी श्रोत्याला सांगितले, तेव्हा त्याने पहिल्यांदा मित्राचे नाव काढले.

संदेशाचा आणि मित्राचा प्रश्न

गायकाला पाठवलेल्या शिव्यांच्या संदेशाचे काय करायचे, यावर आमच्यात मतभेद झाले. बहिणीचे म्हणणे होते की तो पुसून टाकावा आणि विषय संपवावा. हजारो संदेशांत तो कुणी वाचलाही नसेल. श्रोत्याचे म्हणणे वेगळे होते. ज्या माणसाला आपण पाच वर्षे जवळचा मानले त्याला शिवी दिली आहे, आणि त्याने ती वाचली की नाही यावर आपले वागणे ठरू शकत नाही, असे तो म्हणाला. मला त्याचेच पटले. त्याने जुना संदेश काढून टाकला आणि चार ओळींचा नवा पाठवला : शिव्यांबद्दल माफी, नवा अल्बम आवडला नाही हे प्रामाणिकपणे, आणि दुसऱ्या अल्बममधील एका गाण्याने 2020 साली आपल्याला कसे सावरले ते. उत्तर आले नाही. त्याची अपेक्षाही नव्हती.

मित्र दिवाळीत घरी आला तेव्हा दोघे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर जाऊन बसले. मित्राने सांगितले की पुण्याच्या वसतिगृहात पहिले वर्ष त्याला फार एकटेपणाचे गेले. खोलीत ओरडता येत नाही, सोबत ओरडणारे कुणी नसते, आणि अशा वेळी कानाशी हळू बोलणारा एक आवाज त्याला हवा होता. तो नव्या अल्बममध्ये मिळाला. श्रोत्याला याची काहीच कल्पना नव्हती. मित्राला अल्बम आवडला म्हणजे तो बदलला, शहरी झाला, आपल्याला विसरला, असे त्याने गृहीत धरले होते. दोघांनी एकच अल्बम ऐकला, पण एक जण घरात गप्प राहून थकला होता आणि दुसरा परक्या ठिकाणी.

परिणाम

श्रोता क्लासला परतला. पथकातही परतला, मात्र त्या वर्षीचा गणेशोत्सव त्याच्या हातून गेला होता. नव्या अल्बममधील एक गाणे तो आता ऐकतो. बाकी ऐकत नाही आणि आवडल्याचे सोंगही करत नाही. टी-शर्ट अजून बहिणीच्या कपाटात आहे. वडिलांनी त्यानंतर दोनदा जुन्या पथकातील सोबत्यांना फोन केल्याचे बहिणीने सांगितले. याचा संबंध या प्रकरणाशी जोडावा की नाही, हे मी ठरवू शकत नाही, पण मुलाने वडिलांना काही ऐकवण्याची त्या घरातील बऱ्याच काळातील ती पहिली वेळ होती, एवढे निश्चित.

दोघा मित्रांनी स्वतःचे एक गाणे सुरू केले आहे. धृपदाच्या ओळीवर पथकातील मुलांनी ओरडावे असे ठरले आहे. कडवी मराठीत आहेत आणि अपुरी आहेत.

वेगळे काय करता आले असते

नव्या अल्बमच्या पहिल्या गाण्यानंतर पूर्ण अल्बम येईपर्यंत बराच काळ गेला होता. त्या काळात श्रोत्याची अस्वस्थता मित्राला दिसत होती, पण त्याने ती थट्टेवारी नेली. त्याच वेळी एक फोन झाला असता, तर शुक्रवारच्या पहाटे श्रोता एकटा नसता आणि तो पहिला संदेश कदाचित गेलाच नसता. अल्बम दोघांनी फोनवर एकत्र ऐकायचा, असे पूर्वी त्यांचे ठरलेलेही होते; परीक्षेमुळे ते राहून गेले.

वडिलांना या प्रकरणात खूप उशिरा आणले गेले. घरात ज्याला समूहगायनाचा अनुभव होता, त्याचाच सल्ला सर्वांत शेवटी घेतला, कारण त्याला इंग्रजी येत नाही आणि तो आधीच खचलेला आहे असे सर्वांनी मनाशी धरले होते. संगीताच्या बाबतीत शब्द न कळणारा माणूस पुष्कळदा रचना अधिक लवकर ऐकतो, हे शिकवणाऱ्यांनी तरी ध्यानात ठेवायला हवे.

मित्राशी झालेला वाद लेखी झाला, ही गोष्टही महागात पडली. मोबाइलवर टंकलेले वाक्य पुन्हा पुन्हा वाचता येते आणि प्रत्येक वाचनात ते अधिक टोचते. आता दोघांनी ठरवले आहे की या बँडबद्दल एकमेकांना लिहायचे नाही, समोरासमोर किंवा फोनवरच बोलायचे. बँडचा पुढचा अल्बम जाहीर झाला आहे. तो कोणत्या वळणाचा असेल याबद्दल त्यांची मते अर्थातच वेगळी आहेत, आणि या खेपेला परीक्षा असो वा नसो, तो दोघांनी सिडकोतल्या त्याच गच्चीवर ऐकायचा, असे त्यांचे ठरले आहे.